लाभ, एक, दोन, तीन

माळ्यावरची पितळी भांडी खाली काढ, असं अप्पा सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाले. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी नुसतं "काढते" म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. तिसऱ्यांदा मात्र स्टूल घ्यावंच लागलं.

अप्पा म्हणजे माझे वडील. ऐंशीला टेकलेत. गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या या वरच्या मजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्या सोडून ते आता माझ्याकडं गारखेड्याला राहायला येणार, म्हणून आवराआवर चाललीय. त्यांना विसर पडायला लागलाय. माणसं ओळखतात अजून, पण दूध उतू गेलेलं कळत नाही, आणि एकच गोष्ट चार वेळा सांगतात. हे वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले. मी आवरायला आलेय, असं सगळ्यांना सांगितलंय. खरं कारण वेगळं आहे. मला अप्पांना एक गोष्ट सांगायचीय. तीस वर्षांपासून सांगायचीय, आणि ती ऐकून समजण्याइतके ते शाबूत आहेत तोवर सांगायचीय. रोज ठरवते आणि रोज जीभ टाळ्याला चिकटते. मी जन्माची भित्री आहे, त्याला काय करणार.

माळ्यावर हात घातला तर पहिल्यांदा हाताला लागली ती चरवी. तिच्यामागं कळशी आणि कळशीच्या पोटात फुलपात्र. तिन्ही काळी पडलेली. खाली उतरून ती फरशीवर मांडली. हाताला पितळेचा वास लागला होता. तो साबणानं जात नाही, चिंचेनं थोडा जातो.

हा वास म्हणजे आमच्याकडं पाण्याचा दिवस. तेव्हाही नळ रोज येत नव्हता. पाचव्या-सहाव्या दिवशी यायचा, आणि यायच्या आधी चांगला खोकायचा. आत हवा घुरघुरायची, मग तांबूस पाण्याची एक गुळणी, मग धार. तेवढ्या खोकण्यानं सगळी गल्ली जागी व्हायची. समोरच्या खाला, म्हणजे आमच्या मुसलमान शेजारीण मावशी, आपल्या पोरांना हाका मारायच्या, खालच्या मजल्यावर बादल्यांचा आवाज सुरू व्हायचा. आई पदर खोचून चिंच आणि राख घेऊन बसायची. भांडी घासून झाली की उन्हात उपडी घालायची, आणि ओल्या राखेचा वास जिन्यापर्यंत यायचा.

सगळं भरून झालं की अप्पांचा खेळ सुरू व्हायचा. अप्पा जमीन मोजणीच्या कचेरीत होते. दिवसभर साखळी घेऊन लोकांची शेतं मोजायची आणि घरी आल्यावर पाणी मोजायचं, असा त्यांचा जन्म गेला. कळशीत पाच लिटर मावायचं, चरवीत तीन. दोन्हींवर खूण नाही, रेघ नाही. "चार लिटर काढून दाखव," असं म्हणून ते खुर्चीत मागं टेकायचे. कळशी भरायची, तीन चरवीत ओतायचे, उरले दोन. चरवी रिकामी करून ते दोन तिच्यात घालायचे. कळशी पुन्हा भरायची आणि चरवीत राहिलेली एका लिटरची जागा तिच्यातून भरायची. कळशीत उरले चार. हे मला सातव्या वर्षी जमलं. अप्पांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, ती मला अजून आठवते.

कोड्याच्या पुस्तकात लिहिलेलं असायचं, चरवी ओतून द्या. आईनं ते एकदा ऐकलं आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ओतून द्या म्हणजे कुठं ओतून द्या, असं तिनं विचारलं. सहा दिवसांनी नळ येतो आणि बापलेक पाणी ओतून देतात, व्हय? त्या दिवसापासून आमच्या कोड्यांना एक नियम जास्तीचा लागला. थेंब सांडायचा नाही. ओतायचं ते ड्रममध्ये, नाहीतर तुळशीला. एखाद्या वेळी हात हलला आणि फरशीवर ओघळ गेला, तर मी आधी आईकडं बघायची. ती पोतेरं आणून ते पाणी टिपायची आणि मोरीच्या बादलीत पिळायची.

आईचं मोजणं निराळं होतं. ती देवगाव रंगारीची, शेतकऱ्याघरची. संक्रांतीच्या आगेमागे मामा ज्वारीची पोती आणून टाकायचा, आणि आई ती मापट्यानं मोजून कोठीत भरायची. मोजताना तिच्या तोंडून पहिला शब्द यायचा तो लाभ. मग पुढचे आकडे. धान्याच्या मापाला एक म्हणायचं नाही, एक म्हटलं की माप एकावरच अडतं, असं तिच्या माहेरी मानायचे, हे मला फार पुढं कळलं. तिचा आवाज मला आतल्या खोलीत ऐकू यायचा. लाभ. मग ज्वारी कोठीत पडल्याचा आवाज. मग खालाच्या खिडकीतून येणारा मसाल्याचा वास, रस्त्यावरच्या सायकलींच्या घंट्या, आणि आईचा पुढचा आकडा त्यात बुडून जायचा. तेव्हा मला एवढंच कळलं होतं की लाभ हा शुभ शब्द आहे. वहीच्या पहिल्या पानावर आपण श्री लिहितो, तसा तो आकड्यांच्या आधी म्हणायचा, असं मी धरून चालले. कुणाला विचारलं नाही.

मी दहा वर्षांची झाले त्या वर्षी आई आजारी पडली. कशानं, ते मला तेव्हाही नीट कळलं नाही. पाय सुजायचे, बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. दवाखान्यातून आल्यावर अप्पांनी मला समोर बसवून सांगितलं. आईचं हृदय थकलंय. दिवसाला एक लिटरच्या वर पाणी तिच्या पोटात जाता कामा नये. जास्त झालं तर ते फुप्फुसात उतरतं आणि माणूस आतल्या आत बुडतो. त्यांनी हे शांतपणे सांगितलं, कारण त्यांना वाटायचं की खरं सांगितलं की पोरं घाबरत नाहीत. मी इतकी घाबरले की आई झोपली की तिच्या छातीला कान लावून बघायची, पाण्याचा आवाज येतो का.

दुधाच्या पिशवीवर अर्धा लिटर छापलेलं असायचं, पण छापलेल्या आकड्यावर अप्पांचा विश्वास नव्हता. त्यांनी आपल्या पद्धतीनं लिटर काढला. चरवी भरून कळशीत ओतली, तीन झाले. चरवी पुन्हा भरली आणि कळशी काठोकाठ भरेतो ओतली, दोन गेले. चरवीत उरला एक. तो एक लिटर त्यांनी या फुलपात्रानं मोजला. बरोबर पाच फुलपात्रं भरली. सकाळी तीन आणि दुपारी चारला दोन, असं ठरलं. चहा बंद, ताक बंद. उन्हाळ्याची सुट्टी होती आणि अप्पांना कचेरी होती. "मापाची जबाबदारी तुझी," ते म्हणाले. घरात माझ्याइतकं कुणाला जमतं, असंही म्हणाले. मी फुगले आणि घाबरलेही.

तो उन्हाळा माझ्या अंगात अजून आहे. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायलाही मी भ्यायची. खिडकीतून तापलेल्या पत्र्याचा वास यायचा, दुपारची अजान संपली की गल्लीत चिटपाखरू नसायचं. आई खाटेवर पडून माठाकडं बघायची. ओठांना भेगा पडल्या होत्या. ती पाणी मागायची नाही, पण तिची नजर माठावरून हलायची नाही, आणि मी मध्येच उठून माठाला कापड गुंडाळायची, म्हणजे तो तिला कमी दिसेल. दहा वर्षांच्या पोरीला दुसरं काय सुचणार.

सकाळी अप्पा गेले की मी फुलपात्र बुडवायची. आईचं भलं व्हावं म्हणून आईचाच शब्द घ्यायचा, असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. पहिलं फुलपात्र तिच्या तांब्यात ओतताना म्हणायची, लाभ. मग अप्पांनी शिकवलेले आकडे. एक, दोन, तीन. दुपारी पुन्हा लाभ, एक, दोन. मोठ्यानं म्हणायची, म्हणजे चूक झाली तर आईला कळेल. आई डोळे मिटून ऐकायची. तांब्या हातात दिला की सगळं एकदम प्यायची नाही, घोट तोंडात धरून ठेवायची.

तीन आठवडे गेले असतील. एके दुपारी आई एकदम उठून बसली. तिला श्वास घेता येत नव्हता. छातीतून घरघर येत होती, नळाला पाणी यायच्या आधी यायची तशी, आणि तो आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी जास्तच भ्याले. ओठ निळे पडले. मी जिन्यावरून खालाच्या नावानं ओरडले. खाला अनवाणी धावत आल्या, त्यांच्या मोठ्या मुलानं रिक्षा आणली, आईला दोघांनी धरून खाली नेलं. मला खाला घरीच थांब म्हणाल्या. मी माठापासून लांब, भिंतीला पाठ लावून बसले. माठातून थेंब गळायचा, त्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी अप्पा मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, पाणी मोजून देता की अंदाजानं? मोजून, अप्पा म्हणाले, माझी मुलगी मोजते. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. माझी खात्रीच होती.

आई वाचली. तिसऱ्या दिवशी ती बोलायला लागली, आणि त्या दिवशी अप्पा दवाखान्यातून घरी आले ते सरळ मोरीत गेले. मी जिन्यात बसले होते. कळशी ठेवल्याचा आवाज आला, चरवीचा आला, पाणी ओतल्याचा आला. बराच वेळ चाललं होतं. मग ते बाहेर आले आणि म्हणाले, फुलपात्र मोठं निघालं. पहिल्यांदा मोजताना चूक झाली, माझी चूक. तिन्ही भांडी त्यांनी माळ्यावर टाकली आणि गुलमंडीवरून एक छोटा स्टीलचा पेला आणला. त्यानंतर अप्पांनी कधी कोडं घातलं नाही. मी एकदोनदा विचारलं, तर कामात आहे म्हणाले. पाण्याचा दिवस यायचा, भांडी घासली जायची, सगळं भरून व्हायचं आणि नुसतंच संपायचं.

पाऊस झाला, दौलताबादकडची सीताफळं आली आणि गेली. संक्रांतीला मामानं ज्वारी आणली. आईला उठवत नव्हतं, म्हणून तिनं मला कोठीपाशी बसवलं आणि स्वतः पोत्याला टेकून बसली. पहिलं मापटं तिनं स्वतः कोठीत ओतलं आणि म्हणाली, लाभ. दुसरं भरून ओतलं आणि म्हणाली, दोन.

लाभ म्हणजेच एक. तिनाची मी चार केली होती आणि दोनाची तीन. रोज पाचाऐवजी सात फुलपात्रं मी आईच्या पोटात घातली होती, मोठ्यानं मोजून, शुभ शब्द म्हणून. आईनं माझ्याकडं पाहिलं. काय झालं गं, तिनं विचारलं. मी काही नाही म्हणाले. ती थोडा वेळ तशीच बघत राहिली, मग तिनं तिसरं मापटं भरलं.

आई पुढं दीड वर्ष जगली. दुखणंच तसं होतं, असं सगळे म्हणाले. मी कुणाला काही म्हणाले नाही. अप्पा मात्र जो येईल त्याला सांगायचे, माझ्या मापात खोट निघाली हो, आणि मान खाली घालायचे. मी शेजारी बसून ऐकायची. खरं तर मला एक लिटर काढून फुलपात्र मोजता आलं असतं, दहा मिनिटांचं काम. पण मोजलं आणि पाच भरली तर? मग फुलपात्र निर्दोष आणि सगळा दोष माझा. न मोजता थोडी आशा राहत होती, की खरंच ते मोठं असेल, की चूक दोघांची निम्मी निम्मी असेल. त्या आशेवर मी तीस वर्षं काढली. भाताला पाणी मी नजरेनंच घालते. माझी मुलगी लहान होती तेव्हा तिच्या औषधाचं झाकण नवऱ्यानं भरायचं, मी खोलीबाहेर उभी राहायची. हसतात मला घरात. हसू देत.

तर आज ती तिन्ही भांडी फरशीवर होती, आणि योगायोगानं पाण्याचा दिवस होता. आता आठ दिवसांनी येतं. ड्रम भरलेला होता. अप्पा खुर्चीत बसले होते, आणि मी चरवी पुसत होते.

"एक लिटर काढ," ते म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तीस वर्षांत पहिलं कोडं. मी म्हणाले, आत्ता कशाला अप्पा, सामान बांधायचंय. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, त्याच आवाजात. विसरून पुन्हा म्हणत असतील, म्हणून मी दोन मिनिटं थांबले. ते माझ्याकडं बघतच होते. नजर स्वच्छ होती.

मी चरवी भरली. गळ्यापाशी पाणी डचमळलं. सांडू नको, अप्पा म्हणाले. कळशीत तीन गेले. चरवी पुन्हा भरली, कळशी काठोकाठ झाली, चरवीत एक उरला. फुलपात्र घेतलं. आता थांबावं, भांडं उपडं करावं, चक्कर आली म्हणावं, सगळं मनात येऊन गेलं. पहिलं फुलपात्र भरून कळशीशेजारच्या पातेल्यात ओतलं. दुसरं. तिसरं. चौथं. पाचवं काठापर्यंत भरलं आणि चरवीतून शेवटचा थेंब पडला. आत काही उरलं नाही.

मी फुलपात्र खाली ठेवलं. तोंडाला कोरड पडली होती. मग मी बोलले, अप्पांकडं न बघता. लाभ मी वेगळा धरत होते, म्हणाले. पाचाची सात होत होती, रोज, तीन आठवडे. फुलपात्र बरोबर होतं, चूक माझी होती. आईला मी बुडवलं.

"ठाऊक आहे मला," अप्पा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. सावकाश, पण एकदाही न अडखळता. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तोंडावरची नळी काढल्यावर आईनं त्यांना जवळ बोलावलं होतं. तिचे शब्द त्यांनी तिच्याच बोलीत सांगितले. "पोर लाभ सोडून मोजतीय, पहिल्याच दिवशी माझ्या ध्यानात आलं व्हतं. सांगावं म्हणलं, पण लई तहान लागली व्हती. मीच गप बसले. तिच्या कानावर जाऊ द्यायचं नाय. भांड्यावर ढकला." म्हणून ते घरी आले होते. मोजायची गरजच नव्हती. मी जिन्यात बसलेय हे त्यांनी पाहिलं होतं, मला ऐकू जावं म्हणून त्यांनी भांडी वाजवली.

मी विचारलं, मग कोडी का बंद केलीत.

"तू कधीतरी फुलपात्र मोजशील म्हणून," ते म्हणाले. "तुला येत होतं ना. म्हणून भांडीच वर टाकली."

"मग आज का काढायला लावलीत?"

त्यांनी आपल्या हातांकडं पाहिलं. परवा त्यांना आईच्या गावाचं नाव आठवेना. तासभर आठवेना. खूप घाबरलो, म्हणाले. "उद्या हे पण गेलं, तर तुला सांगायला कोण राहील? पोरी, तू मोजल्याशिवाय मला सांगता येईना. आपण होऊन तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिनं."

तीस वर्षं मी एवढंच मोजत आले होते, की माझी चूक किती, अप्पांची किती, निम्मी का पाऊण. खाटेवरच्या त्या बाईची नजर माठावरून हलत नव्हती, रोज सकाळी डोळे मिटून ती माझी चूक ऐकत होती, आणि माझ्या हातचं प्रत्येक जास्तीचं फुलपात्र काय आहे ते ओळखून पीत होती. मी पातेल्यापाशी बसून रडले. आईला केवढी तहान लागली होती, हे तीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.